पाचशे ओळी आणि चाळीस वर्षं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी, ५ वाजून २९ मिनिटांनी, भारतातल्या मूठभर संशोधकांचा जीव भांड्यात पडतो, किंवा पडायचा राहतो. 'सिम्पोझियम ऑन कॉम्प्युटेशनल जॉमेट्री', म्हणजे एसओसीजी, या परिषदेला पेपर पाठवायची मुदत तेव्हा संपते. हिशेब असा, की पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत पेपर चालतो. तारीख सर्वांत शेवटी जिथे मावळते तो पट्टा पॅसिफिक महासागरात, आपल्या साडेसतरा तास मागे. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या माणसाला रात्र जागूनही वर अख्खा दिवस मिळतो. तोही बहुधा आकृत्यांच्या डागडुजीत जातो.

ही परिषद पहिल्यांदा भरली जून १९८५ मध्ये, अमेरिकेतल्या बाल्टिमोरला. बिंदू, रेषा, बहुभुज हे विषय हजारो वर्षं जुने. पण 'हे काढायला संगणकाला किती पायऱ्या लागतील?' हा प्रश्न नवा होता. मायकेल शेमॉस यांनी १९७८ मध्ये येल विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधाने या विषयाला आकार दिला, आणि फ्रँको प्रेपराटा यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं पाठ्यपुस्तकही १९८५ चंच. म्हणजे पुस्तक आणि परिषद जुळ्या भावंडांसारखी आली.

पेपर तेव्हा टपालाने जायचे. टंकलिखित मजकूर, हाताने काढलेल्या आकृत्या, प्रतींचा गठ्ठा आणि परदेशी टपालाची तिकिटं. भारतातून पाठवणाऱ्याची मुदत त्यामुळे आपोआपच काही आठवडे अलीकडे सरकायची. गंमत म्हणजे या विषयातला एक जुना प्रश्न पोस्टाचाच आहे. गावात पोस्ट ऑफिसं विखुरलेली आहेत. कोणत्या घराला कोणतं जवळचं? डोनाल्ड क्नूथ यांनी त्याला 'पोस्ट ऑफिसचा प्रश्न' असंच नाव दिलं. प्रत्येक पोस्ट ऑफिसचा इलाखा आखून दाखवणारा नकाशा म्हणजे व्होरोनॉय आकृती.

ती आकृती झटपट काढायची एक देखणी रीत स्टीव्हन फॉर्च्यून यांनी १९८६ मध्ये, दुसऱ्याच परिषदेत मांडली. कागदावरून एक आडवी रेषा वरून खाली सरकवत न्यायची आणि ती जाईल तसा नकाशा पुरा करत यायचं. अडचण अशी, की रेषेच्या खाली दडलेला बिंदू वरच्या भागातही आपला हक्क सांगू शकतो. म्हणून रेषेच्या मागे परवलयांच्या तुकड्यांची एक नागमोडी कड धरायची; त्या कडेपलीकडचा भाग कायमचा पक्का झालेला असतो. वर्गात शिकवताना तिला 'किनारा' म्हणतात, आणि भरतीच्या लाटेने वाळूवर सोडलेली ओळ पाहिलेल्याला ती वेगळी समजवावी लागत नाही. आजही हा विषय शिकणारा विद्यार्थी या पेपरपाशी येतोच.

नव्वदच्या दशकात साधनं बदलली. १९९२ च्या बर्लिनच्या परिषदेपासून पेपरांसोबत व्हिडिओही मागवले जाऊ लागले, कारण काही गोष्टी हलताना दिसल्याशिवाय उमजत नाहीत. ओटफ्रीड चाँग यांनी १९९३ च्या सुमारास लिहायला घेतलेला 'इपे' हा आकृत्या काढायचा प्रोग्रॅम अजूनही या लोकांच्या हातचा आहे. १९९६ मध्ये 'सीगॅल' या भूमितीच्या सॉफ्टवेअर संग्रहाचं काम सुरू झालं. आकृती सुबक झाली, टपाल ईमेलवर गेलं, पुढे फाइल थेट वेबसाइटवर चढू लागली.

साधनं बदलली, पण पेपरातलं एक वाक्य चाळीस वर्षं जागचं हललेलं नाही: 'कोणतेही तीन बिंदू एका रेषेत नाहीत आणि कोणतेही चार एका वर्तुळावर नाहीत, असं धरून चालू.' लग्नपत्रिकेवरच्या 'कृपया आहेर आणू नये' या ओळीसारखं ते वाचलं जातं: सगळे मान डोलावतात, अडचण पुढे येतेच. खऱ्या नकाशात तीन घरं एका रांगेत असतात. आणि संगणकाने दशांशाच्या सोळाव्या घरात केलेलं राउंडिंग 'बिंदू रेषेच्या डावीकडे की उजवीकडे' याचं उत्तर उलटं करू शकतं. सीगॅलचा मोठा भर अचूक आकडेमोडीवर राहिला तो यामुळेच.

परिषदेत मांडलेल्या निकालाचं पुढे काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. चित्रदालनाचा कानाकोपरा दिसेल असे कमीत कमी पहारेकरी किती, हा या क्षेत्रातला लाडका प्रश्न. दालनाला n कोपरे असतील तर n भागिले ३ इतके पहारेकरी नेहमी पुरतात, हे व्हाश्लाव ख्वाटल यांनी १९७५ मध्ये दाखवलं. पण दिलेल्या दालनाला नेमके कमीत कमी किती, हे काढणं अतिशय अवघड. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेल्या सुबीर कुमार घोष यांनी १९८७ मध्ये कॅनडातल्या एका परिषदेत त्यावर अंदाजी उत्तराची पद्धत मांडली. नियतकालिकात तो निकाल सविस्तर छापून आला २०१० मध्ये. मधली तेवीस वर्षं लोक परिषदेतल्या मोजक्या पानांवरच पुढची इमारत बांधत होते. परिषदेचा पेपर म्हणजे इसार-पावती आणि नियतकालिक म्हणजे खरेदीखत, असं या क्षेत्रात म्हणायची सोय नाही. पुष्कळदा पावतीवरच घर उभं राहतं.

म्हणून त्या पावतीत किती लिहायचं याला महत्त्व. पूर्वी पानांची मर्यादा होती, आणि ती पाळायला लोक समास खात, आकृती टिकलीएवढी करत. आता मर्यादा ओळींची आहे: ५००. प्रत्येक ओळीला समासात नंबर पडतो, उरलेलं परिशिष्टात टाकायचं, आणि परिशिष्ट वाचायचं की नाही ही परीक्षकाची मर्जी. आकृतीला ओळी नसतात, तेव्हा ती आकसून काही हशील नाही. अलीकडे लेखकाचं नावही परीक्षकापासून झाकलं जातं. हे झाकणं पातळच, कारण तोच पेपर नावानिशी 'अर्काइव्ह' या खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवायला मनाई नाही. तरी छोट्या कॉलेजातल्या अनोळखी नावाला तेवढा आडोसा पुरतो.

सगळ्यांत मोठा बदल मात्र पाठवण्यात नाही, वाचण्यात झाला. १९८५ पासून परिषद एसीएम या अमेरिकी संघटनेच्या छत्राखाली होती आणि पेपर तिच्या सशुल्क संग्रहात जायचे. २०१४ ची क्योटोची परिषद त्या व्यवस्थेतली शेवटची ठरली. २०१५ मध्ये आइंडहोव्हनपासून पेपर जर्मनीतल्या दागश्टूल केंद्राच्या 'लिपिक्स' मालेत येतात: वाचायला फुकट, हक्क लेखकाकडे. इथे आपण थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. भारतातली एफएसटीटीसीएस ही संगणकशास्त्राची परिषद २००८ मध्येच त्या मालेत गेली होती. मालेचा दुसराच खंड तिचा.

फुकट वाचता आल्याने काय होतं, ते २०१७ च्या ब्रिस्बेन परिषदेतल्या एका पेपरवरून कळतं. दालनाचे सगळे कोपरे पूर्णांकांवर आहेत, तीन पहारेकरी पुरतात, पण ते अपरिमेय जागीच उभे राहिले तर. परिमेय जागांचा आग्रह धरला की चौथा लागतोच. हा पेपर, आकृतीसकट, आज इस्लामपूरच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला एक पैसा न देता उघडता येतो. कुणाच्या ओळखीने प्रत मागवायला नको.

मात्र पेपर स्वीकारला गेला की निदान एका लेखकाने नोंदणी करून तो मांडायचा असतो. २०२५ पर्यंत ही परिषद ४१ वेळा भरली. आशियात चारदा, हाँगकाँग, ग्योंगजू, क्योटो आणि कानाझावा इथे. भारतात एकदाही नाही. कोविडच्या दोन वर्षांत ती ऑनलाइन झाली तेव्हा घरच्या टेबलावरून पेपर मांडता आला. नंतर पुन्हा विमानाचं भाडं आणि व्हिसाची रांग आली. त्या ५ वाजून २९ मिनिटांनी फाइल पोचते तेव्हा सावंतवाडी आणि बोस्टन यांच्यात काही अंतर नसतं. पोस्ट ऑफिस आता सगळ्यांच्या दारात आलंय. सभागृह अजून लांब आहे.