शहराची रेघ कोण काढतो?

एखाद्या शाळकरी मुलाच्या हाती पेन्सिल द्या आणि सांगा, पॅरिस काढ. तो खाली फाकलेले आणि वर निमुळते होत गेलेले चार पाय काढील, झाले पॅरिस. न्यूयॉर्क काढ म्हटले तर एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या उंच इमारती काढील आणि मधोमध एक टोकदार सुळका. आता त्यालाच सांगा, मुंबई काढ. तो गेटवेची कमान काढील, फार तर सी लिंकच्या तारा काढील. पण इमारती आणि आकाश जिथे एकमेकांना भिडतात ती सबंध शहराची रेघ, म्हणजे आकाशरेषा, त्याला काढता येणार नाही. मुंबईत आज साठ-सत्तर मजल्यांचे टॉवर उभे आहेत. तरीही दुरून पाहणाऱ्याला ते मुंबईचे आहेत की आणखी कुठल्या शहराचे, हे सांगता येत नाही. असे का व्हावे?

उंची कमी पडली म्हणून, असे बिल्डर म्हणतील. ते खोटे आहे. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभा राहिला. त्याला परवानगी होती वीस वर्षांची. १९०९ नंतर तो पाडायचा होता. बिनतारी संदेशांसाठी कामाला आला म्हणून वाचला. तो उठून दिसतो तो भोवतालचे शहर ठेंगणे आहे म्हणून. १९७३ साली माँपारनास येथे २१० मीटरचा काळा टॉवर उभा झाला, तेव्हा पॅरिसकर इतके चिडले की १९७७ साली शहराच्या मोठ्या भागात ३७ मीटरची मर्यादा घातली गेली. म्हणजे पॅरिसची ओळख एका टॉवरने केली आणि बाकीच्यांना वर जाऊ न देणाऱ्या नियमाने टिकवली.

न्यूयॉर्कचे उदाहरण याच्या उलट वाटते, पण तिथेही नियमच आहे. १९१५ साली तिथे इक्विटेबल नावाची ३८ मजली इमारत सरळसोट उभी राहिली आणि तिच्या सावलीत आजूबाजूचे रस्ते अंधारले. १९१६ साली कायदा झाला की ठराविक उंचीनंतर इमारतीने मागे सरकत जावे, म्हणजे रस्त्यावर ऊन आणि वारा पोहोचेल. त्यातून पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतींचा तो खास न्यूयॉर्की आकार जन्मला. १९३० ची क्रायस्लर आणि १९३१ ची एम्पायर स्टेट याच काळातली. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या वाट्याला ऊन यावे म्हणून केलेल्या कायद्याने जगातली सर्वात प्रसिद्ध आकाशरेषा घडवली, ही गोष्ट आपल्याकडच्या नगररचनाकारांनी पाठ करून ठेवावी. आणि त्या उंच तुळयांवर चालत जाऊन लोखंड सांधणाऱ्यांत मोहॉक या मूलनिवासी जमातीचे कामगार होते. ज्यांची भूमी हिरावली गेली त्यांच्याच हातांनी ती रेघ आकाशात चढवली.

सारांश, आकाशरेषा ओळखू यायला समोर मोकळी जागा लागते, नदी असो की समुद्र. एकदोन आकार असे लागतात की ज्यांना जोड नाही. आणि बाकीच्यांनी थोडे खाली राहावे लागते. या तिन्ही गोष्टी जमिनीची मालकी आणि सरकारचे कायदे ठरवतात. वास्तुविशारद त्यानंतर येतो.

मुंबईला अशी रेघ होती. ती चिमण्यांची होती. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली आणि पुढच्या अर्धशतकात ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळीपर्यंत विटांच्या उंच चिमण्यांचे रान उभे राहिले. कोकणातून, घाटावरून येणाऱ्या माणसाला आगगाडीच्या खिडकीतून पहिली दिसे ती चिमणी, आणि मग ऐकू येई तो भोंगा. खाली कौलारू शेड, त्यांची करवतीच्या दातांसारखी छपरे, भोवती तीन-चार मजली चाळी आणि सर्वांच्या वर चिमणी. हे चित्र काढायला मुलाला अवघड गेले नसते. दक्षिणेकडे १८७८ चा राजाबाई टॉवर आणि १८८८ ची व्ही.टी. ही साहेबाची आणि शेठजींची मुंबई. उत्तरेला चिमण्या, ती कामगारांची.

पण इथे जरा थांबले पाहिजे. गिरणगावाच्या आठवणींचा उमाळा आणणारे बरेच लेखक ‘कामगारांची’ असे म्हणून मोकळे होतात. त्या चिमणीखाली सगळे कामगार सारखे नव्हते. अस्पृश्य कामगाराला सूतखात्यात काम मिळे, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्याला प्रवेश नव्हता. कारण काय, तर बाबीन बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. ते स्वतः १९१२ पासून पुढची वीसएक वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले होते. त्या चिमण्यांचा धूर त्यांच्याही खोलीत आला असेल. तेव्हा चिमणी पडली म्हणून रडताना तिच्याखालची विषमता विसरायची नाही. आणि ती विषमता होती म्हणून चिमणी आमची नव्हतीच, असेही म्हणायचे नाही. तिच्याखाली आमच्या आज्या-आजोबांनी पाळ्या भरल्या आहेत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही, गिरण्याच संपल्या. उरली ती जमीन, बेटाच्या ऐन मध्यावरची सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ असा होता की गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना साधारण एकेक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला मिळावा. हा नियम तसाच राबवला गेला असता तर आज परळ-लालबागमध्ये मैदाने दिसली असती, त्यांच्या कडेने कामगारांच्या वसाहती आणि मधून मधून टॉवर. समोर मोकळी जागा असलेली एक रेघ तयार झाली असती. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीची, शेडखालच्या जमिनीची नाही. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असते किती? २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने गिरणी कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती कायम केली. मुंबईची आजची आकाशरेषा कुणा कलावंताने काढलेली नाही. ती या एका दुरुस्तीने काढली आहे.

आता टॉवर एकसारखे का दिसतात ते पाहा. खाली आठ-दहा मजल्यांची पार्किंगची पेटी, तिच्यावर बगीचा, वर काच. ज्याला त्याला मिळालेला सारा चटईक्षेत्र निर्देशांक शेवटच्या इंचापर्यंत वापरायचा असतो आणि प्रत्येकाला आपल्या खिडकीतून समुद्र हवा असतो. त्यामुळे सगळे सारखेच वर जातात आणि कुणीच उठून दिसत नाही. श्रीनिवास मिलच्या जागेवर २८० मीटरचा टॉवर आहे. किती मुंबईकर त्याचा आकार ओळखून सांगतील? फिनिक्स मिलच्या मॉलमध्ये जुनी चिमणी तेवढी शोभेला ठेवली आहे. खरेदी करून दमलेली मंडळी तिच्याजवळ फोटो काढतात.

ताडदेवच्या ‘इम्पीरियल’ या जोड मनोऱ्यांचा अपवाद करावा लागेल. दोन सुळके असलेली ही जोडी दुरूनही ओळखू येते. ती उभी आहे एम.पी. मिल कंपाउंडच्या झोपडपट्टीच्या जागेवर. योजना अशी की बिल्डरने झोपडीवासीयांना फुकट घर द्यायचे आणि उरलेल्या जागेवर विक्रीचे टॉवर बांधायचे. झोपडीवासीयाला १९९५ च्या योजनेत मिळाले २२५ चौरस फूट, पुढे २६९, मग ३००. ज्यांच्या नावावर ही उंची मिळाली ते राहतात दाटीवाटीच्या पुनर्वसन इमारतीत, टॉवरच्या पाठीशी किंवा पायाशी. समुद्रावरून काढलेल्या फोटोत त्या इमारती येत नाहीत. राजाबाई टॉवरला निदान देणगीदाराच्या आईचे नाव तरी आहे!

म्हणून आम्ही उंचीच्या विरोधात आहोत असे कुणी समजू नये. वरळीच्या बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या. शतकापूर्वी बांधलेल्या या चाळी म्हणजे आपल्या चळवळीचा बालेकिल्ला. १९७४ च्या जानेवारीतली वरळीची दंगल आणि पँथरचे हुतात्मे ही आठवण तिथली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ४० मजली इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळीतला माणूस पहिल्यांदाच स्वतःच्या घरानिशी शहराच्या रेघेत आला. लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च पुढे कोण भरणार, हा प्रश्न आहेच, आणि तो विचारत राहिला पाहिजे. पण ‘चाळीची मजा गेली’ असे गळे काढणारे बहुतेक त्या खोलीत कधी राहिलेले नसतात.

आता मूळ मुद्दा. आकाशरेषा ओळखू येते म्हणजे कुणाला ओळखू येते? मुंबईच्या चित्रपत्रांवर दादरची चौपाटी क्वचितच दिसते. पण ५ डिसेंबरच्या रात्री विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या बाईला विचारा. १९७१ साली उभा राहिलेला चैत्यभूमीचा तो लहानसा घुमट तिला हजार टॉवरांतून दिसतो. नागपूरचे तसेच. दीक्षाभूमीचा १२० फूट उंच, तितकाच रुंद, आतून पोकळ असा स्तूप शिवदान मल यांनी सांचीवरून रेखाटला आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आज मुलाला नागपूर काढ म्हटले तर तो एक अर्धगोल काढतो आणि बाजूला चार कमानी. समोर मोकळे मैदान आहे, आकाराला जोड नाही, भोवती गर्दी नाही. वर सांगितलेल्या तिन्ही अटी तिथे पूर्ण झाल्या आहेत.

हाच हिशेब इंदू मिलला लावायला हवा. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते त्या गिरणीत घुसले, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झाले. २०२० च्या निर्णयानुसार १०० फुटांचा चौथरा आणि ३५० फुटांचा पुतळा, एकूण ४५० फूट. पुतळा किती फुटांचा यावर आपल्यात भरपूर चर्चा झाली. पण ४५० फूट म्हणजे १३७ मीटर. सी लिंकच्या खांबाहून थोडे अधिक आणि श्रीनिवास मिलवरच्या टॉवरच्या निम्मे. समोर समुद्र आहे, ती बाजू कुणी हिरावू शकत नाही. पाठीमागे मात्र दादर-प्रभादेवीच्या जुन्या इमारती पाडून टॉवर चढत आहेत. उद्या पुतळ्याच्या खांद्यामागे काचेच्या भिंती उभ्या राहिल्या, तर सी लिंकवरून जाणाऱ्याला बाबासाहेबांची आकृती आकाशावर दिसणार नाही, कुणाच्या तरी बाल्कनीवर दिसेल.

लंडनमध्ये सेंट पॉलच्या घुमटासाठी १९३० च्या दशकापासून उंचीचे नियम आहेत. रिचमंड पार्कच्या टेकडीवरून दहा मैलांवरचा तो घुमट दिसावा म्हणून मधली वाट आणि पाठीमागचे आकाशही राखलेले आहे. चैत्यभूमी आणि इंदू मिलसाठी असा नियम करणे अशक्य नाही. सी लिंक, माहीमची खाडी आणि दादर चौपाटी ही तीन ठिकाणे धरून, तिथून दिसणाऱ्या पट्ट्यात पाठीमागच्या इमारतींना उंचीची मर्यादा घालता येते. त्यासाठी शहराच्या विकास नियमावलीत दुरुस्ती लागते. २००१ साली एक दुरुस्ती गिरणीमालकांसाठी झाली होती. आता एक आपल्यासाठी मागू या, आणि ती पाठीमागचे टॉवर पुरे व्हायच्या आत मागू या.