मैफल स्वस्त का होत नाही?

अर्थ, स्वर आणि प्रवास : लेखांक सहावा

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली गायक-वादकांचे श्रम ‘अनुत्पादक’ ठरवले, इथपर्यंत आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. त्यांचे काम केल्या क्षणीच विरून जाते, मागे विकता येईल अशी वस्तू उरत नाही, हे त्याचे कारण. या विरून जाणाऱ्या कामाची खरी आर्थिक अडचण नेमकी मांडली जायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिले. नाटकमंडळ्या, वाद्यवृंद, ऑपेरा हे सगळेच सतत तोट्यात का असतात, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर त्यांनी कामाच्या स्वरूपातच शोधले. पाच वादकांची अर्ध्या तासाची रचना घ्या. तिला पाच माणसांचा अर्धा-अर्धा तास, म्हणजे एकूण अडीच तासांचे श्रम लागतात. मोझार्टच्या काळी तेवढेच लागत आणि आजही तेवढेच.

आपल्या मैफलीकडे याच नजरेने पाहू. विलंबित एकतालातला बडा ख्याल, साथीला तबला आणि पेटी, मागे तानपुऱ्यांवर दोन शिष्य. लय दुप्पट करून तो निम्म्या वेळात उरकता येत नाही, कारण मग तो विलंबित राहतच नाही. दरम्यान कापड गिरणीतला कामगार यंत्रांच्या जोरावर तासाला कितीतरी पट कापड काढू लागला. त्याची मजुरी वाढली तरी मीटरमागचा खर्च वाढलाच असे नाही. तबलजीचे काम मात्र होते तेवढेच आहे, आणि घरभाडे, किराणा, मुलांची फी त्यालाही आजच्याच भावाने भरायची असते. बिदागी वाढली नाही तर त्याचा मुलगा तबला बाजूला ठेवून नोकरी धरेल. ती वाढली की मैफलीचा खर्च वाढतो. यात ना कलावंताचा आळस, ना आयोजकाची उधळपट्टी. बॉमोल यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला ‘खर्चरोग’ तो हाच. शाळा आणि रुग्णालये यांनाही तो जडलेला आहे.

मग काहीच बदलत नाही का? बदलते, पण गाण्याच्या भोवती. मिरजेला गेलो की मला हे फार स्पष्ट दिसते. उस्ताद अब्दुल करीम खाँ या गावी राहिले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे पुणे-मुंबईचा रस्ता मोकळा आणि धारवाड-म्हैसूरचाही. ख्यालाला लागणारा वेळ आगगाडीने कमी केला नाही, दोन मैफलींमधला केला. खाँसाहेबांना १९३७ साली मृत्यू आला तोही दक्षिणेच्या दौऱ्यात, मद्रासहून पाँडेचेरीकडे जाताना. नंतर ध्वनिवर्धकाने तोच आवाज हजारोंपर्यंत नेला. म्हणजे प्रवास सोपा झाला, श्रोते वाढले. स्वर लावायला लागणारे श्रम तसेच राहिले.

मिरजेची सतार-तानपुऱ्याची दुकानेही हेच सांगतात. सोलापूर जिल्ह्यातून आलेले भोपळे वाळवायचे, त्यांना लाकडी दांडी जोडायची आणि शेवटी घोडी घासून जवारी काढायची. हे शेवटचे काम सर्वस्वी कारागिराच्या कानावर चालते. या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण मानांकनाने जवारी लवकर निघत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा स्वस्त आहे, रियाजाला सोयीचा आहे. तो पुरेसा आहे, असे मात्र मी म्हणणार नाही.

बॉमोल यांनी पुढे एक दिलासाही दिला, आणि तो मला या सिद्धान्ताचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. कापड, धान्य, घड्याळे, संगणक कमी श्रमांत तयार होऊ लागले म्हणजे समाज एकूण अधिक श्रीमंत झाला. त्यामुळे महागलेली मैफल त्याला परवडते. प्रश्न ऐपतीचा नसतो, वाढलेल्या मिळकतीतला वाटा कशाला द्यायचा याचा असतो. सभागृहाचे भाडे, मांडव आणि रोषणाई यांची बिले विनातक्रार भागवून साथीदारांच्या पाकिटात काटकसर करणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून आयोजकांना एक विनंती. मुख्य कलाकाराबरोबर तबलजीची आणि पेटीवाल्याची बिदागीही आधीच ठरवा, तिच्यात दरवर्षी महागाईइतकी तरी वाढ करा, आणि ती मैफलीच्या रात्रीच त्यांच्या हाती द्या.