दप्तरात न बसलेली भाषा

साखरखेर्डा हे सिंदखेड राजा तालुक्यातील गाव इतिहासग्रंथांत येते ते १७२४ सालच्या लढाईमुळे. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात निजामुल्मुल्काने, दिल्लीच्या बादशहाने दख्खनच्या सुभेदारीवर नेमलेल्या मुबारिजखानाचा याच शिवारात पराभव केला, खान रणांगणीच पडला, गावाला काही काळ फत्तेखेर्डा असे नाव मिळाले, आणि वऱ्हाडचा वसूल कोणाच्या खजिन्यात जावा हा तंटा बादशहाच्या बाजूने तरी कायमचा मिटला. फारसी शब्द आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी रुळले होते. परंतु १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली होईपर्यंत त्यांना आणखी सव्वाशे वर्षांचा राजाश्रय लाभला, तो या लढाईमुळे. मौजे, तहसील, जमाबंदी हे शब्द आज ज्या म्हाताऱ्याला लिहितावाचता येत नाही त्याच्याही तोंडी सहज येतात, कारण ते दप्तरातून आले, आणि दप्तरात शिरलेल्या शब्दाला घरात शिरायला परवानगी विचारावी लागत नाही.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे प्रयोजन असे की, याच बुलढाणा जिल्ह्यात एक भाषा अशी आहे, जिला कोणत्याही राजवटीच्या दप्तरात कधी जागा मिळाली नाही. आपण घाटावरचे लोक. घाट उतरून, पूर्णा ओलांडून उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गेले म्हणजे जळगाव जामोद तालुका लागतो. तेथील जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा इत्यादी गावांतून आणि डोंगरापलीकडच्या बऱ्हाणपूर भागात निहाल समाज राहतो. त्यांची निहाली भाषा बोलणारे सुमारे दोन ते अडीच हजार उरले असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती मराठीसारखी आर्यकुळातील नाही, गोंडीसारखी द्राविडी नाही, शेजारच्या कोरकूसारखी मुंडा कुळातीलही नाही. डोळ्याला जिकी, पाण्याला जोप्पो म्हणणाऱ्या या भाषेला ज्ञात असा एकही सगासोयरा नाही, आणि अशी निराधार, परंतु त्याच कारणाने अमूल्य भाषा साऱ्या भारतात क्वचितच आढळते.

ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ साली निघालेल्या चौथ्या खंडात तिची नोंद झाली ती मुंडा भाषांच्या पंगतीत. पुढे कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून असे दाखविले की, कोरकू, द्राविडी आणि मराठी-हिंदी हे थर एकामागून एक खरवडून काढले तरी सुमारे चतुर्थांश शब्द असे उरतात, ज्यांचे मूळ इतरत्र कोठेही सापडत नाही. मोजणी पाहिली तरी हे थर दिसतात: एकासाठी बिदुम हा तिचा स्वतःचा शब्द, दोनापासून चारापर्यंतचे अंक द्राविडी वळणाचे, आणि त्यापुढे आपलेच पाच-सहा. ही मुद्दाम इतरांना कळू नये म्हणून रचलेली गुप्त बोली तर नसेल, अशीही शंका कायपरने बोलून दाखविली होती. ती मला पटत नाही, कारण आपसांत खलबते करण्यापुरत्या बोलीला स्वतःची सर्वनामे आणि शरीरावयवांची नावे बाळगण्याचे काय कारण? पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अभ्यासकांनी पुढे या भाषेवर चिकाटीने काम केले, आणि नागराजा यांचे व्याकरण-शब्दसंग्रहाचे पुस्तक २०१४ साली म्हैसूरच्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थेने काढले.

पुस्तक उत्तम आहे. पण ते इंग्रजीत आहे. सोनबर्डीच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते वाचता येणार नाही. त्याची स्थिती अशी की, अनुसूचित जमातींच्या यादीत त्याच्या समाजाचे नाव कोरकूंच्या नोंदीखाली पोटात लिहिलेले. जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषिक असलेली भाषा स्वतंत्र दाखवीत नाहीत, म्हणून त्याची भाषा छापील तक्त्यांत नाही. शाळेत मराठी, बाजारात मराठी-हिंदी, शेजाऱ्यांशी कोरकू. निहाली उरते ती आजीशी बोलण्यापुरती, आणि चौदाव्या वर्षी आजीशी बोलण्याची कोणाला लाज वाटली नाही? साखरखेर्ड्याची मुलेसुद्धा पुण्याला शिकायला गेली की महिन्याभरात आपली वऱ्हाडी गिळून टाकतात, आणि ती तर लक्षावधी लोकांची बोली आहे.

प्रशांत महासागरातील सामोआ बेटांकडे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. सामोआ देशाची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याइतकी, दोन लाखांच्या घरातली. १८३० नंतर तेथे गेलेल्या मिशनऱ्यांनी भाषा रोमन लिपीत आणली आणि १८५५ साली संपूर्ण बायबल सामोअनमध्ये झाले. म्हणजे त्या भाषेला देवळाचे आणि पुढे राज्याचेही दप्तर मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या आरंभापासून न्यूझीलंडच्या अमलाखाली असलेला हा देश १ जानेवारी १९६२ रोजी स्वतंत्र झाला. परंतु मध्यंतरी हजारो कुटुंबे मजुरीसाठी ऑकलंडला गेली होती, आणि त्यांची मुले इंग्रजीतच वाढू लागली होती. आज तेथील शालान्त परीक्षेला सामोअन हा विषय घेता येतो, दरवर्षी सामोअन भाषेचा सप्ताह साजरा होतो, आणि २०१८ च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये एक लाखाहून अधिक लोकांनी ही भाषा येते असे नोंदविले.

मला यातील परीक्षेपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सामोअनमध्ये आदराची एक निराळी शब्दसंपदा आहे. सामान्य माणसाचे घर फाले, परंतु थोर सरदाराचे घर माओता, आणि सभेत कुळाच्या वतीने भाषण करणाऱ्या वक्त्या-सरदाराचे लाओआ. 'या' म्हणायचे तरी पाहुणा सरदार आहे की वक्ता, हे ओळखून क्रियापद निवडावे लागते. घरगुती बोलण्यात जेथे 'क' उच्चारतात तेथे प्रार्थनेत आणि शाळेत 'त' उच्चारतात. हातात दंड आणि खांद्यावर चवरीसारखा कुंचा घेऊन वक्ता उभा राहिला की त्याच्या भाषणात गावांच्या उपाधी, वंशावळी आणि म्हणी यांचा ओघ सुरू होतो. अशा भाषेत वाढणाऱ्या मुलाला शब्दांबरोबर समाजातील आपले स्थान कळते, आणि मोठ्यांच्या सभेत चार वाक्ये बिनचूक बोलणे हा त्याच्या वयात येण्याचाच एक भाग ठरतो. ती भाषा टिकली ती केवळ सरकारी औदार्याने नव्हे. लग्न, मयत, प्रार्थना अशा प्रसंगी तरुणांकडून ती अपेक्षिली जाते, म्हणून.

निहालांजवळ ना बायबल, ना सभामंडपाचा तो थाट; दोन लाख आणि अडीच हजार यांची बरोबरीही होऊ शकत नाही. तरीही आपल्या संविधानात १९५६ साली घातलेला ३५०-क हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे सांगतो, आणि तो संख्येची अट घालीत नाही. पाठ्यपुस्तके निघेपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. निहालीतील बहुतेक ध्वनी देवनागरीत लिहिता येतात. जळगाव जामोदच्या शाळांतील आठवी-नववीच्या निहाल मुलांना, शनिवारच्या शेवटच्या तासाला, आजीकडून ऐकलेल्या गोष्टी, झाडांची नावे आणि नात्यांचे शब्द वहीत उतरवून वर्गापुढे मोठ्याने वाचायला लावले, आणि वर्गातील मराठी व कोरकू मुलांनाही ते ऐकून त्यांवर प्रश्न विचारायला लावले, तर निदान चार भिंतींत का होईना या भाषेला श्रोते मिळतील. त्या वह्या शाळेच्याच दप्तरात जमा करून घ्याव्यात. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यापलीकडे त्याला कोणाचा हुकूम लागत नाही.