मोठी चाकं, जास्त हादरे? एसयूव्ही घेण्याआधी टायरवरचा आकडा वाचा
टॉप व्हेरियंटची मोठी चाकं रुबाबदार दिसतात. पण खड्ड्यात हादरे जास्त का बसतात? उत्तर टायरवरच छापलेलं असतं. २१५/६० आर१७ म्हणजे रुंदी २१५ मिमी, टायरच्या कडेची उंची तिच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिमी आणि रिम १७ इंची. २१५/५५ आर१८ मध्ये ही उंची ११८ मिमीच उरते. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच. रिम वाढली, हवेची गादी ११ मिमीने घटली. त्यामुळे धक्के जास्त जाणवतात, रिम वाकण्याचा धोकाही वाढतो. वळणावर मात्र पकड घट्ट वाटते. रोजचा रस्ता खराब असेल, तर लहान रिमच बरी. आरामासाठी हवा कमी करू नका. टायर तापून फुटू शकतो. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेला असतो.