ओठांत धरलेला खर्ज

मोरचंग दातांना लावून पहिल्यांदा छेडलं, तेव्हा सूर निघाला नाही. खट् असा आवाज झाला आणि झिणझिण्या थेट कपाळात गेल्या. राजस्थानात लंगा-मांगणियार कलावंतांच्या मैफलीत रंगणारं, दक्षिणेत मृदंगाच्या जोडीला ‘मोर्सिंग’ म्हणून बसणारं वाद्य ते हेच, हे त्या दिवशी मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

नवशिक्यांची चूक एकच: ते चौकट चावून धरतात. तिच्या दोन समांतर दांड्या वरच्या-खालच्या दातांवर नुसत्या टेकवायच्या आणि दातांत जरा फट ठेवायची. मधली पोलादी पट्टी त्या फटीतून आतबाहेर झुलते. जागा कमी पडली की दातावर आपटते. ओठ चौकटीवर अलगद. पट्टीचं वळवलेलं टोक तर्जनीने छेडायचं, तेही हलक्या हाताने.

पट्टीची लांबी आणि वजन ठरलेलं, त्यामुळे तिचा मूळ सूरही ठरलेला. तो थोडा उतरवायचा तर टोकाला मेण लावतात, बस्स. मग एका सुरातून धून कशी निघते? पट्टी दांड्यांमधल्या चिंचोळ्या जागेतून हवा कापत जाते, तेव्हा मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही उमटतात. मूळ षड्ज ८० हर्ट्झचा धरला, तर पाचवा उपस्वर ४०० हर्ट्झचा, म्हणजे गंधार. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जात ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. दहावा, ८०० हर्ट्झचा, त्याच्या वरच्या सप्तकातला. तंबोरा गंधार आपणहून ऐकवतो. मोरचंगात तो निवडून काढावा लागतो.

निवड करते जीभ. ‘ऊ’ म्हणताना तोंडाच्या पोकळीचा एक अनुनाद साधारण ८०० हर्ट्झच्या आसपास असतो, ‘ई’ म्हणताना तो २००० च्या वर चढतो. ज्या उपस्वराशी तो जुळेल, तोच ठळक होतो. बोलतानाही आपण हेच करतो, फक्त तिथे कंप स्वरतंतूंचा असतो. म्हणून रियाझ सोपा आहे: आवाज न काढता, तोंडातल्या तोंडात ‘ऊ-ओ-आ-ए-ई’ म्हणत छेडत राहायचं. श्वास आत-बाहेर केला की नाद आणखी भरतो.

माणसाला ही युक्ती फार पूर्वी सापडली. चीनमधल्या शिमाओ इथे हाडाची अशी वाद्यं मिळाली आहेत, सुमारे ४००० वर्षांपूर्वीची. बीथोवेनचे गुरू आल्ब्रेश्ट्सबर्गर यांनी तर या वाद्यासाठी चक्क कॉन्चेर्तो लिहिले. त्यांचे वादक काय तयारीचे असतील!

मला तीन आठवड्यांनी ‘ऊ’च्या जरा मागेपुढे वरचा गंधार सापडला. सापडला की जीभ तिथेच रोखून धरायची असते. आणि नेमका तेव्हाच मला आवंढा गिळावा लागतो.