आवडीतून संशोधनाचा विषय कसा शोधावा?

प्रकल्पासाठी 'पर्यावरण' किंवा 'सोशल मीडिया' असा विषय घेतला की विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात अडतो, कारण विषयाची व्याप्ती कुठे संपते हेच कळत नाही. सुरुवात आवडीपासून करावी. पण त्या आवडीतून एक नेमका प्रश्न काढावा.

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) मूळचे गणितज्ञ. प्राचीन आहत (ठसे उमटवलेल्या) नाण्यांकडे वळल्यावर त्यांनी विचारले: नाणे हातोहात फिरताना झिजते, तर वजनावरून ते किती काळ चलनात होते हे ताडता येईल का? नाणी तोलून, संख्याशास्त्र वापरून त्यांनी उत्तर शोधले. गणित आणि इतिहास अशा दोन आवडी जिथे भेटल्या, तिथेच त्यांना विषय सापडला.

तुम्हाला किल्ले आवडतात? मग 'शिवकालीन किल्ले' हा विषय सोडा. 'सिंहगडावरच्या कोणत्या टाक्यांत मे महिन्यातही पाणी टिकते आणि का?' असे विचारा. यात ठिकाण, काळ आणि मोजता येणारी गोष्ट, तिन्ही आहेत.

विषय पक्का करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. लागणारी माहिती तुमच्या वेळेत आणि खर्चात मिळेल का? आणि उत्तर आधीच ठाऊक नाही ना? ठाऊक असेल, तर प्रश्न बदला.