थँक्सगिव्हिंग : कौटुंबिक भोजनाचा सण आणि त्याविषयीच्या परस्परविरोधी भावना

प्रस्तावना :

सण हा समाजाच्या एकात्मतेचा आविष्कार होय, ही समाजशास्त्रातील जुनी व मान्यताप्राप्त भूमिका आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मविषयक ग्रंथात सामूहिक विधींमधून समाज स्वतःच्याच ऐक्याचा प्रत्यय घेत असतो, असे प्रतिपादन केले. परंतु एकाच देशात, एकाच दिवशी काही कुटुंबे पंगतीला बसतात आणि काही लोक उपवास करून शोक पाळतात, तेव्हा या भूमिकेची फेरतपासणी करणे अगत्याचे ठरते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी साजरा होणारा ‘थँक्सगिव्हिंग’ अर्थात कृतज्ञता दिन हे याचे ठळक उदाहरण आहे. हा सण शरद ऋतूच्या अखेरीस, सुगीनंतर येतो. त्या दिवशी दूरदूरचे आप्त एका घरी जमतात आणि भाजलेली टर्की, क्रॅनबेरीची चटणी, भोपळ्याचा गोड पाय अशा ठरलेल्या पदार्थांचे भोजन करतात.

या सणाविषयी लोकांच्या मनात आपुलकी, कंटाळा, कर्तव्यभावना, अपराधभाव आणि शोक अशा परस्परविरोधी भावना का आढळतात, याचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. घरचे भोजन आणि राष्ट्राच्या उगमाची कथा हे या सणाचे दोन धागे मुळात वेगवेगळे होते. ते पुढे एकत्र गुंफले गेले आणि आजच्या भावनिक द्वंद्वाचे मूळ या गुंफणीत आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

१६२१ ची घटना व तिची कथा :

प्रचलित कथेनुसार इंग्लंडहून ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या पिल्ग्रिम वसाहतकारांनी १६२१ साली प्लिमथ येथे पहिले पीक हाती आल्यावर मूलनिवासींसमवेत भोजन करून ईश्वराचे आभार मानले. या प्रसंगाचे समकालीन वर्णन अत्यल्प आहे. एडवर्ड विन्स्लो या वसाहतकाराने डिसेंबर १६२१ मध्ये लिहिलेल्या पत्रातील एक परिच्छेद हा त्याचा मुख्य आधार होय. वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद पुरुषांसह आला, तीन दिवस मेजवानी चालली व पाहुण्यांनी पाच हरणे मारून आणली, इतकाच तपशील त्यात मिळतो. त्या मेजवानीला विन्स्लोने ‘थँक्सगिव्हिंग’ म्हटलेले नाही. त्या काळच्या प्युरिटन पंथीयांच्या दृष्टीने ‘आभाराचा दिवस’ म्हणजे प्रार्थनामंदिरात व्यतीत करावयाचा धार्मिक दिवस होता.

या परिच्छेदामागील वास्तव अधिक कठोर आहे. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय संपर्कातून आलेल्या साथीने न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील वस्त्या उद्ध्वस्त केल्या होत्या. ज्या जागी प्लिमथ वसले ते पटुक्सेट नावाचे गाव या साथीत ओस पडले होते. वसाहतकारांना मका पेरण्यास शिकविणारा टिस्क्वान्टम हा त्याच गावचा. १६१४ साली त्याला पळवून स्पेनमध्ये विकण्यात आले होते. १६१९ साली तो मायदेशी परतला तेव्हा त्याच्या गावात कोणीही उरले नव्हते. मॅसासॉइटने केलेल्या मैत्रीमागेही राजकीय गरज होती, कारण साथीने दुर्बळ झालेल्या त्याच्या लोकांना प्रतिस्पर्धी नॅरागान्सेट लोकांविरुद्ध मित्र हवा होता. वसाहतकारांपैकीही जवळजवळ निम्मे लोक पहिल्याच हिवाळ्यात दगावले होते.

ही मैत्री दोन पिढ्यांतच संपली. मॅसासॉइटचा पुत्र मेटाकॉम, ज्यास इंग्रज ‘राजा फिलिप’ म्हणत, त्याच्या नेतृत्वाखाली १६७५-७६ मध्ये युद्ध झाले. मेटाकॉम मारला गेल्यावर त्याचे शिर प्लिमथ येथे अनेक वर्षे खांबावर टांगून ठेवण्यात आले. याच युद्धाच्या काळात, जून १६७६ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या मंडळाने युद्धातील यशाबद्दल आभाराचा दिवस जाहीर केला होता. ‘आभार’ या एकाच शब्दाखाली सहभोजन आणि विजय हे दोन्ही अर्थ कसे नांदले, हे यावरून लक्षात येते.

कौटुंबिक सणाची घडण :

आज ज्या स्वरूपात हा सण साजरा होतो ते स्वरूप मुख्यतः एकोणिसाव्या शतकात घडले. १७८९ साली अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबर हा आभाराचा दिवस म्हणून घोषित केला होता, परंतु त्यातून दरवर्षीची राष्ट्रीय प्रथा निर्माण झाली नाही. न्यू इंग्लंडमधील या प्रादेशिक सणाला देशव्यापी रूप मिळावे यासाठी सर्वाधिक प्रयत्न केले ते सारा जोसेफा हेल या संपादिकेने. ‘मेरी हॅड अ लिटल लॅम्ब’ या बालगीताची कवयित्री म्हणून त्या आपल्याकडेही अप्रत्यक्षपणे परिचित आहेत. १८२७ सालच्या आपल्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत त्यांनी या दिवसाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन केले. पुढे ‘गोडीज लेडीज बुक’ या स्त्रियांच्या मासिकातून पाककृती, कथा व अग्रलेख यांद्वारे त्यांनी हा विषय सतत लावून धरला. सप्टेंबर १८६३ मध्ये त्यांनी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना पत्र लिहिले आणि ३ ऑक्टोबर १८६३ रोजी लिंकन यांची घोषणा निघाली.

लिंकन यांच्या घोषणेत प्लिमथचा अथवा पिल्ग्रिमांचा उल्लेखही नाही. ती यादवी युद्धाने दुभंगलेल्या राष्ट्राला उद्देशून होती आणि त्या युद्धात विधवा, अनाथ व शोकाकुल झालेल्यांचे स्मरण करावयास ती सांगत होती. अर्थात राष्ट्रीय सणाच्या आरंभीच शोकाला स्थान होते. प्लिमथची कथा त्याला जोडली गेली ती समांतरपणे. १८४१ साली अलेक्झांडर यंग यांनी विन्स्लोचे पत्र पुन्हा छापताना तळटीपेत त्या मेजवानीस ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ असे संबोधिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना ‘अमेरिकन’ बनविण्याचे साधन म्हणून शाळांनी ही कथा उचलली. पिसांचे मुकुट व काळ्या टोप्या घातलेल्या मुलांची नाटुकली ही त्याचीच फलश्रुती होय. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ साली मांडलेली ‘परंपरांची निर्मिती’ ही संकल्पना येथे चपखलपणे लागू पडते.

सणाची तारीखसुद्धा वादातीत नव्हती. नाताळच्या खरेदीचा हंगाम लांबावा म्हणून अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३९ साली हा दिवस एक आठवडा अलीकडे आणला, तेव्हा राज्ये दोन गटांत विभागली गेली. अखेर १९४१ साली काँग्रेसने कायद्याने चौथा गुरुवार निश्चित केला.

भोजनाच्या मेजाभोवतीच्या भावना :

नॉर्मन रॉकवेल यांच्या १९४३ सालच्या ‘अभावापासून मुक्ती’ या चित्राने या सणाची आदर्श प्रतिमा निश्चित केली. त्यात शुभ्र मेजपोस, हसरी कुटुंबीय मंडळी आणि टर्कीचे ताट मेजावर ठेवणारी आजी दिसते. आदर्श प्रतिमा जितकी ठाशीव, तितका प्रत्यक्ष अनुभव तिच्या तुलनेत उणा वाटण्याची शक्यता अधिक. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९७९ साली ‘भावनांचे नियम’ ही संकल्पना मांडली. कोणत्या प्रसंगी काय वाटले पाहिजे हे समाज ठरवून देतो आणि तसे न वाटल्यास व्यक्ती प्रयत्नपूर्वक आपल्या भावनेला वळण लावते. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कृतज्ञ व आनंदी ‘वाटलेच पाहिजे’ असा नियम असतो. म्हणूनच नुकताच वियोग झालेला, घटस्फोटित, एकाकी अथवा घरच्यांशी दुरावा आलेला माणूस त्या दिवशी इतर दिवसांपेक्षा अधिक एकटा पडतो.

दुसरा मुद्दा श्रमाचा आहे. मानवशास्त्रज्ञ मिकेला डी लिओनार्डो यांनी १९८७ साली नातेसंबंध टिकविण्यासाठी कराव्या लागणाऱ्या कामाला ‘नात्यांचे श्रम’ असे नाव दिले. पत्रे, दूरध्वनी, भेटी व सणाची भोजने यांचा त्यात समावेश होतो, आणि हे श्रम प्रामुख्याने स्त्रिया करतात, असे त्यांनी दाखवून दिले. हे श्रम ओझे आहेत, त्याचबरोबर ते समाधानाचे व प्रतिष्ठेचे साधनही आहेत. एकाच गृहिणीच्या मनात सणाविषयी ओढ व धास्ती एकत्र का नांदतात, याचे उत्तर या दुहेरीपणात मिळते. दिवाळीच्या फराळाचा घाणा काढणाऱ्या आपल्या घरांतील स्त्रियांना हा अनुभव वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरा मुद्दा मतभेदाचा. वर्षभर एकमेकांना टाळणारी माणसे त्या दिवशी एका मेजाभोवती येतात. कीथ चेन व राइन रोहला यांनी भ्रमणध्वनींच्या स्थानविषयक माहितीच्या आधारे केलेला अभ्यास २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१६ च्या निवडणुकीनंतरच्या थँक्सगिव्हिंगला परस्परविरोधी राजकीय कल असलेल्या भागांतील लोक एकत्र आले असता त्यांची भोजने, समान कल असलेल्यांच्या भोजनांच्या तुलनेत, ३० ते ५० मिनिटांनी अल्प ठरली. लोक आले, जेवले, पण लवकर उठले. नाते तुटले नाही, परंतु ते अवघडले, असा याचा अर्थ घेता येईल. अशा अवघडलेपणाला पर्याय म्हणून स्नेह्यासोबत्यांसह भोजन करण्याची ‘फ्रेंड्सगिव्हिंग’ ही प्रथा अलीकडे रूढ झाली आहे.

शोकाचा दिवस :

१९७० साली पिल्ग्रिमांच्या आगमनाला ३५० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त मॅसॅच्युसेट्स राज्याच्या समारंभात भाषण करण्यासाठी वाम्पानोआग समाजातील वाम्सुट्टा फ्रँक जेम्स यांना निमंत्रण देण्यात आले. भाषणाचा मसुदा पाहिल्यावर आयोजकांनी तो नाकारला. वसाहतकारांनी कबरी उकरल्या, धान्य पळविले आणि मॅसासॉइटने केलेले स्वागत ही कदाचित मोठी चूक ठरली, अशा आशयाचे विचार त्यात होते. बदललेला मसुदा वाचण्यास जेम्स यांनी नकार दिला आणि त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला प्लिमथच्या कोल्स टेकडीवर, मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ, ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळण्यात आला. तेव्हापासून दरवर्षी तो पाळला जातो व अनेक सहभागी उपवास करतात. पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोजवळील अल्काट्राझ बेटावर त्याच दिवशी सूर्योदयाच्या वेळी मूलनिवासींचा मेळावा भरतो.

तथापि सर्व मूलनिवासी या दिवसाकडे एकाच दृष्टीने पाहतात असे मानणे चुकीचे ठरेल. अनेक कुटुंबे त्या दिवशी एकत्र जमतात व भोजनही करतात. शिवाय कृतज्ञता ही वसाहतकारांनी आणलेली वस्तू नव्हे. हौदेनोसौनी लोकांत प्रत्येक सभेच्या आरंभी पृथ्वी, पाणी, वनस्पती, प्राणी यांचे क्रमाने आभार मानण्याची प्राचीन परंपरा आहे. अक्विना येथील वाम्पानोआग लोक ऑक्टोबरमध्ये ‘क्रॅनबेरी दिन’ साजरा करतात. त्यांचा आक्षेप आभार मानण्याला नाही, तर त्या आभाराला जोडलेल्या सोयीस्कर कथेला आहे. हा भेद या विवेचनात महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

या चर्चेचा आपल्याशी संबंध दोन प्रकारे येतो. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे दिवाळीपाठोपाठ येणाऱ्या या सलग सुटीत आप्तांना भेटतात, आणि शाकाहारी घरांत टर्कीवाचूनही मेज सजते. त्यांच्या दृष्टीने हा सण प्रामुख्याने भोजनाचा व भेटीचा आहे. उगमकथा त्यांना मुलांच्या शाळेतून कळते.

दुसरा संबंध अधिक मूलगामी आहे. आपल्या शरदातील दिवाळीतही बलिप्रतिपदा आहे. रूढ कथेत वामनाने बळीला पाताळात धाडले, परंतु दसरा-दिवाळीत ओवाळताना इडापिडा टळून बळीचे राज्य यावे अशीच इच्छा व्यक्त केली जाते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ या ग्रंथात याच लोकस्मृतीचा आधार घेऊन बळीला येथील शेतकरी प्रजेचा राजा व वामनाला आक्रमक ठरविले. तोच ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, ही बाब येथे अर्थपूर्ण ठरते. फुल्यांनी सण सोडण्याचा आग्रह धरला नाही. सण कोणाच्या बाजूने सांगितला जातो, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. जेम्स यांनी जवळजवळ एका शतकानंतर प्लिमथला उपस्थित केलेला प्रश्न याच जातीचा होता. दोन्ही ठिकाणच्या इतिहासांत मोठे अंतर आहे, परंतु सुगीच्या आनंदात पराभूताची स्मृती टिकून राहते हे साम्य नाकारता येत नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. थँक्सगिव्हिंगविषयीच्या भावनांतील विसंगती व्यक्तीच्या स्वभावातून येत नाही. सणाची ऐतिहासिक घडण हे तिचे कारण आहे.

२. कौटुंबिक भोजन व प्लिमथची कथा हे दोन धागे वेगवेगळ्या मार्गांनी आले. म्हणूनच भोजन टिकवून कथा दुरुस्त करणे शक्य आहे.

३. सणाच्या आनंदामागील स्त्रियांचे श्रम व एकाकी व्यक्तींचे दुःख यांची दखल घेतल्याशिवाय सणाचे समाजशास्त्रीय आकलन अपूर्ण राहते.

४. लिंकन यांच्या घोषणेने आभार व शोक यांना एकत्र स्थान दिले होते. त्यामुळे शोकदिन हा सणाचा विरोधक नसून सणाच्या विसरलेल्या अंगाचे स्मरण होय, असेही म्हणता येईल.

महाविद्यालयीन अध्यापनात अमेरिकन साहित्य, इतिहास वा समाजशास्त्र शिकविताना हा सण बहुधा एका वाक्यात उरकला जातो. विन्स्लोचा परिच्छेद, लिंकन यांची घोषणा आणि जेम्स यांचे नाकारले गेलेले भाषण हे तीन छोटे मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचविल्यास सण कसा घडतो व तो कोणाला सामावून घेतो, हे विद्यार्थ्यांना पाहता येईल. त्यानंतर आपापल्या घरच्या सणाकडे त्याच दृष्टीने पाहण्यास त्यांना फार सांगावे लागणार नाही.